विहिरीत पोहणाऱ्यानं कोरल रीफवर पहिल्यांदा स्नॉर्कलिंग कसं करावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की जानेवारीत तुम्ही, वहिनी, नववीतली मुलगी आणि आई असे चौघं माजलगावहून अंदमानला निघालात, तुम्हाला विहिरीत पोहता येतं पण चष्मा आहे, वहिनींना पाण्याची भीती वाटते, आणि पोहता न येणाऱ्यानं स्नॉर्कलिंगला उतरावं का, का त्यापेक्षा मालवणच बरं. मी मूळचा परभणीकडचा, सीझनला अंदमानात स्नॉर्कलिंग आणि डायव्हिंग शिकवतो आणि पावसाळ्यात गावी येतो. आपल्याकडची माणसं बोटीवर भेटली की लई बरं वाटतं, पण त्यांचं पाण्यात नेमकं कुठं अडतं तेही माहीत झालंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उत्तर आधी सांगून टाकतो, वहिनींनी जरूर उतरावं. स्नॉर्कलिंग म्हणजे डोळे-नाक झाकणारा काचेचा मास्क लावून, तोंडात नळी धरून पाण्यावर पालथं पडायचं आणि खालचं बघायचं. त्यात पोहणं दुय्यम आहे, श्वास मुख्य. आपण पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलेलो असतो, मान कायम पाण्याच्या वर, हात जोरात, पाय धपाधप, आणि पायरी गाठली की झालं. ही सवय रीफवर, म्हणजे समुद्रातल्या कोरलच्या (प्रवाळाच्या) खडकांवर, उलटी नडते. तिथं तोंड पाण्यात घालून, नळीतून तोंडानं श्वास घेत, हात मोकळे सोडून नुसतं पडून राहायचं असतं. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं म्हणून ते विहिरीच्या पाण्यापेक्षा जास्त उचलून धरतं, वरून अंगात लाईफ जॅकेट, म्हणजे तरंगायला वेगळं काही करावंच लागत नाही. चांगले पट्टीचे पोहणारे पाच मिनिटांत दमून बोटीला लटकलेले आणि पाण्याला हातही न लावलेल्या मावशी निवांत सगळं बघून आल्या, हे नेहमीचं आहे.

आता खरी अडचण कुठं येते ते बघा. नळीत घोटभर पाणी जातं, नाहीतर मास्कमध्ये गळतं, माणूस दचकतो, श्वास जोरजोरात व्हायला लागतो आणि पहिली गोष्ट काय करतो तर पाय खाली टेकवून उभं राहायला बघतो. खाली असतं कोरल. पायाला चिरा पडतात, आणि कित्येक वर्षांत वाढलेली फांदी एका टाचेखाली मोडते. गोलसर दगडासारखं दिसणारं कोरल वर्षाला एखादा सेंटिमीटर वाढतं, फांद्यांचं जरा भरभर वाढतं, पण मोडायला सगळ्यांना एक सेकंद पुरतो. तेव्हा मी पुढं जे जे सांगणार आहे ते सगळं एवढ्यासाठीच की तुम्हाला पाण्यात उभं राहायची वेळच येऊ नये, तुम्ही शांत राहिलात तर तुम्हीही वाचता आणि कोरलही वाचतं.

तयारी घरूनच करा. एक साधा मास्क आणि स्नॉर्कल, म्हणजे ती श्वासाची नळी, विकत घ्या, वहिनींसाठी तरी स्वतःचा सेट असूच द्या. मोठ्या टबात नाहीतर बादलीत पाणी घ्या, मास्क लावा, नळी तोंडात धरा आणि तोंड पाण्यात घालून दोन मिनिटं नुसता श्वास घ्या. आत सावकाश, बाहेर त्याहून सावकाश. पहिल्या वेळी छातीत धडधडतं, चेहरा पाण्यात गेला की नाकानं श्वास घ्यायची ओढ होते, ती जायला तीन-चार दिवस लागतात आणि ते दिवस घरी गेलेले बरे, बोटीवर जाण्यापेक्षा. मग पुढची पायरी म्हणजे मुद्दाम नळीत थोडं पाणी जाऊ द्यायचं आणि एक जोरात फुंकर मारून ते वर उडवायचं. फुंकर छोटी आणि जोरदार हवी, लांबलचक नको, आणि फुंकल्यावर पुढचा श्वास जरा बेतानं घ्यायचा कारण थोडं पाणी राहिलेलं असू शकतं. मास्कमध्ये पाणी आलं तर मान थोडी वर, मास्कची वरची कड बोटांनी कपाळावर दाबायची आणि नाकानं हवा सोडायची, पाणी खालून निघून जातं. या दोन गोष्टी हाताला बसल्या की वहिनींची अर्धी भीती घरीच गेली समजा. पुढं बीडला नाहीतर संभाजीनगरला एखाद्या स्विमिंग पूलच्या कमरेएवढ्या पाण्यात हेच दोन-चार वेळा करा. विहिरीत हा सराव करू नका, तिथं पाय टेकत नाहीत आणि घाबरल्यावर धरायला काही नसतं.

मास्क निवडताना पट्टा न लावता तो चेहऱ्यावर ठेवा आणि नाकानं हलकी हवा आत ओढा, हात सोडल्यावर चिकटून राहिला तर तो तुमचा. पट्टा घट्ट आवळला म्हणजे पाणी येणार नाही असं सगळ्यांना वाटतं, पण जास्त आवळला की सिलिकॉनची कड वाकते आणि तिथूनच पाणी येतं. पट्टा कानाच्या वर, डोक्याच्या मागच्या फुगीर भागावर. केसाची एक बट कडेखाली राहिली तरी गळतं, त्यामुळं बायकांनी केस मागं गच्च बांधायचे. आणि आपल्याकडं ज्यांना मिशा आहेत त्यांचा मास्क हमखास गळतो. तिथं व्हॅसलीन लावा म्हणून सांगतात, ते लावू नका, कड खराब होते, त्यापेक्षा नाकाच्या खाली लागूनची मिशीची एक बारीक पट्टी कापून घ्या, वरून दिसतही नाही. नवीन मास्कच्या काचेवर कारखान्यातला एक थर असतो, तो आतून साध्या पांढऱ्या टूथपेस्टनं चोळून धुवा, नाहीतर काहीही केलं तरी धुकं धरतं. पाण्यात उतरायच्या आधी काचेला आतून थुंकी लावून खळखळून घ्यायची, किंवा बेबी शॅम्पूचा एक थेंब. ऐकायला कसंतरी वाटतं पण जगभर हेच करतात.

चष्मा मास्कच्या आत बसत नाही, काडीमुळं फट राहते. नंबरच्या काचांचे तयार मास्क मिळतात, तो घ्या. नंबर थोडा असेल तर तसंच उतरा, पाण्यात वस्तू साधारण पाव अंतरानं जवळ आणि एकतृतीयांशानं मोठ्या दिसतात, त्यामुळं बऱ्याच जणांचं त्यावर भागतं.

अख्खा चेहरा झाकणारा फुल फेस मास्क मात्र घेऊ नका. वहिनींना तोच आवडेल, कारण त्यात नाकानं श्वास घेता येतो, पण सोडलेली हवा आत साठू शकते, दमायला झालं की तो पटकन काढता येत नाही, आणि खाली जायचं म्हटलं तर नाक दाबून कान मोकळे करता येत नाहीत. नळी पण साधी घ्या, ४० सेंटिमीटरच्या आतली, लांब नळी म्हणजे तीच वापरलेली हवा परत आत.

अजून एक, हे आपल्या भागासाठी मुद्दाम लिहितो. गुटखा-सुपारी खाणाऱ्यांचं तोंड हळूहळू कमी उघडायला लागतं आणि त्यांना नळीचा रबरी भाग दातांत धरताच येत नाही, घुसमटतात. सोबत असं कुणी असेल तर लहान मुलांच्या मापाचा माउथपीस मागून घ्या, आणि गावी आल्यावर त्या माणसाला दातांच्या डॉक्टरकडं नक्की पाठवा, ती तक्रार दुर्लक्ष करण्यासारखी नसते.

कपड्यांचं म्हणाल तर अंगाला बसणारा लायक्राचा फुल बाहीचा टी-शर्ट आणि लेगिंग, सगळ्यांनाच. साडी, ओढणी, सैल सलवार पाण्यात पायात गुंतते. तासभर पालथं पडल्यावर पाठ आणि पोटऱ्या अशा भाजतात की पुढची ट्रिप पालथं झोपून काढावी लागते. सनस्क्रीन कमीत कमी, आणि लावायचंच तर झिंक ऑक्साईडचं. ऑक्सीबेन्झोन हे ऊन अडवणारं रसायन असलेली क्रीम कोरलला अपायकारक धरली जातात, पलाऊ देशानं २०२० पासून आणि हवाईनं २०२१ पासून त्यांच्यावर बंदी घातली. मंगळसूत्र, चेन, अंगठ्या खोलीवर ठेवा, पाण्यात बोटं आक्रसतात आणि अंगठी कधी गेली कळत नाही. मंगळसूत्र काढायचंच नसेल तर टी-शर्टच्या आत, गळ्याशी पिन लावून.

आता दिवस कोणता. जानेवारी ते एप्रिल अंदमानात पाणी चांगलं असतं. पण त्या दिवसाची भरती-ओहोटी बघितल्याशिवाय बोट बुक करू नका, याच्याकडं टूरवाले फार बघत नाहीत. पूर्ण ओहोटीला उथळ रीफवर पाणी गुडघाभर उरतं, पोट घासतं, आणि पाणी उतरत असताना ओढ बाहेरच्या बाजूला असते. भरती पूर्ण होण्याच्या आगेमागे तासभर पाणी थांबल्यागत होतं, तीच वेळ धरा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, ओढ जास्त, अष्टमीच्या आसपास भांगेचं पाणी, शांत. कोकणात कोळी लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, चतुर्थीला तीनच्या सुमाराला भरती असं, पण तो हिशेब कोकण किनाऱ्याचा, अंदमानला चालत नाही, तिथं स्थानिक तक्ता विचारा. शक्यतो सकाळी जा, दुपारनंतर वारा सुटतो आणि लाटा नळीत पाणी घालतात.

जागांचं सांगतो. स्वराज द्वीप म्हणजे आधीचं हॅवलॉक, तिथं एलिफंट बीच. शहीद द्वीप म्हणजे नील, तिथला भरतपूर बीच वहिनींच्या पहिल्या दिवसाला उत्तम, कारण किनाऱ्यालगत वाळूचा उथळ भाग मोठा आहे. पहिल्यांदा उतरणाऱ्यानं थेट बोटीतून कोरलवर उडी घेऊ नये, आधी छातीएवढ्या पाण्यात, खाली नुसती वाळू असेल तिथं दहा-पंधरा मिनिटं पडून श्वास बसवावा, आणि मग गाइडबरोबर पुढं सरकावं. तिसरं म्हणजे जॉली बॉय बेट, हे १९८३ मध्ये झालेल्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात येतं, वंडूरहून बोट, वनखात्याचं परमिट लागतं, प्लास्टिक न्यायला बंदी. मला विचाराल तर तिघांतलं एक निवडायची वेळ आली तर हे. मगरींचे इशारे देणारे बोर्ड काही किनाऱ्यांवर असतात, ते गंभीरपणे घ्या, २०१० मध्ये हॅवलॉकला एका परदेशी पर्यटक बाईचा मगरीच्या हल्ल्यात जीव गेलाय. जिथं रोज गाइड उतरतात तिथंच उतरायचं.

बऱ्याच ठिकाणी बोटीच्या तिकिटात एक छोटी फेरी धरलेली असते. गाइड तुम्हाला तरंगत्या रिंगला धरायला लावतो आणि भराभरा ओढत नेतो, पंधरा मिनिटांत परत. यात कुणाला काही दिसत नाही, फक्त फोटो निघतात. थोडे जास्त पैसे देऊन मोठी फेरी घ्या आणि उतरायच्या आधीच गाइडला सांगा, दादा, आम्हाला लांब न्यायची गरज नाही, दोन-तीन जागी थांबवा. वहिनींसाठी वेगळा गाइड घ्या, त्या एकटीसाठी. तुम्ही स्वतः त्यांना सांभाळायला जाऊ नका, घाबरलेलं माणूस जवळच्याला गच्च धरतं आणि दोघंही अडचणीत येतात. खूण ठरवून घ्या, अंगठा आणि पहिलं बोट जोडून गोल केला की ठीक, हात वर करून हलवला की मदत. श्वास लागला तर उभं राहायचं नाही, पाठीवर उलटायचं, नळी तोंडातून काढायची, आकाशाकडं बघत दहा श्वास घ्यायचे. जॅकेट आहेच. मास्क मात्र डोळ्यांवरच राहू द्यायचा, कपाळावर सरकवला की लाटेनं जातो.

बरं, आता ज्याच्यासाठी हे सगळं करायचं ते. एका गोलसर कोरलच्या वर, हातभर अंतर ठेवून, थांबा. पहिलं मिनिट काही दिसत नाही, तपकिरी, पिवळसर, मळकट रंग, लोक म्हणतात टीव्हीवर तर लाल-गुलाबी होतं. लाल रंग पाण्यात सगळ्यात आधी शोषला जातो, म्हणून कॅमेऱ्यावाले दिवे लावतात. आणि तो तपकिरी रंग हीच कोरल जिवंत असल्याची खूण आहे. कोरल म्हणजे हजारो बारीक प्राण्यांची वसाहत, त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उन्हात अन्न तयार करतं, त्यातलं कोरलला देतं, आणि रंग त्याचाच असतो. पाणी काही आठवडे नेहमीपेक्षा एखाद-दोन अंश जास्त तापलं की हे शैवाल निघून जातं आणि कोरल पांढरंफटक पडतं, ब्लीचिंग म्हणतात ते हेच. २०१० मध्ये अंदमानात उथळ पाण्यातलं कोरल मोठ्या प्रमाणात असं पांढरं पडलं होतं, २०१६ मध्ये परत. त्यामुळं तुम्हाला मेलेले, शेवाळ धरलेले पट्टेही दिसतील. मुलीला ते पण दाखवा, फक्त सुंदर तेवढं दाखवू नका.

दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला हालचाल सुरू होते. कोरलमध्ये रुतलेल्या इवल्या रंगीत झाडाच्या जोड्या दिसतील, निळ्या, केशरी, त्या म्हणजे किड्याचे कल्ले, तुमची सावली पडली की झटक्यात आत जातात आणि अर्ध्या मिनिटानं भीत भीत बाहेर येतात. त्या बाहेर आल्या की समजा तुम्ही नीट शांत पडलात. मोठ्या शिंपल्याची नागमोडी निळी-हिरवी कड दिसेल, तोही सावलीला ओठ मिटतो. एखादा बोटाएवढा काळसर मासा तुमच्या मास्कवर चाल करून येईल, घाबरू नका, तो त्याचा शेवाळाचा तुकडा राखतो. एका ठिकाणी मोठे मासे रांगेत थांबल्यासारखे दिसले तर नीट बघा, निळ्या पट्ट्याचा बारकासा मासा त्यांच्या तोंडात शिरून कल्ले साफ करत असतो आणि तो मोठा मासा तोंड उघडं धरून गप्प उभा असतो. आणि कान द्या. पाण्याखाली शांतता असते हा गैरसमज आहे, सगळीकडून तडतड ऐकू येते, नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या फुटतात ना अगदी तशी, ती एका जातीच्या कोळंबीची. मधेच करकर असा चावल्याचा आवाज येतो, तो पॅरटफिशचा, पोपटासारख्या चोचीनं कोरलवरचं शेवाळ खरवडतो, दगडाचा चुराही गिळतो आणि मागून पांढरी वाळू सोडतो. एलिफंट बीचवर ज्या वाळूत चप्पल काढून बसाल त्यातली बरीच अशी माशाच्या पोटातून आलेली आहे. मला इतकी वर्षं झाली तरी हा मासा वाळू सोडताना दिसला की मी शेजारच्याला हात लावून दाखवतोच.

म्हणून म्हणतो, पहिल्या फेरीला कॅमेरा नेऊ नका. हातात काही असलं की लक्ष तिकडं, पाय खाली, आणि पाय खाली गेले की कोरलवर.

ब्रेड-बिस्किटं टाकून मासे जमवणारे गाइड असतील तर नम्रपणे नको म्हणा. शेवाळ खाणारे मासे ब्रेडला लागले की कोरलवर शेवाळ माजतं. तुमच्या मुलीला मासे बोलवायची गरज पडणार नाही.

हात कशालाच लावायचा नाही, मेलेल्या वाटणाऱ्या कोरललाही नाही. कारण फक्त कोरलचं भलं नाही, तुमचंही आहे. फायर कोरल पिवळसर-तपकिरी साधं दिसतं पण चटका बसल्यागत आग होते, समुद्री साळूचे काटे पायात मोडून राहतात, स्टोनफिश दगडासारखा पडून असतो आणि त्याचे काटे विषारी. फायर कोरलची आग झाली तर समुद्राच्याच पाण्यानं धुवा आणि व्हिनेगर लावा, काटा किंवा विषारी मासा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून डॉक्टरकडं. कोरलनं खरचटलेलं साधं वाटतं पण पिकतं, त्यातले कण ब्रशनं नीट काढून अँटिसेप्टिक लावायचं, हळद भरून बांधून टाकू नका.

आणि काहीही उचलून आणायचं नाही. अंगठीतलं पोवळं वेगळं, ते बहुतेक भूमध्य समुद्राकडचं. आपल्या रीफचं कोरल २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमध्ये आहे, वाघाच्या बरोबरीनं. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडा पिशवीत सापडला तरी विमानतळावर अडवतात.

तुमच्या आईंबद्दल. वय, बीपी, गुडघे बघता त्यांना पाण्यात उतरवण्याचा हट्ट करू नका. हृदयविकार, दमा, किंवा बीपी ताब्यात नसेल तर नळीतून श्वास घ्यायचा ताण जाणवतो आणि स्नॉर्कलिंगमधले मृत्यू बरेचदा बुडून वाटतात पण सुरुवात छातीपासून झालेली असते. तळाला काच असलेली बोट भरतपूरला मिळते, ऊन वर असताना नेलं तर त्यांनाही पुष्कळ दिसेल. तुमच्यापैकी कुणालाही दोन जिने चढून धाप लागत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आदल्या रात्री दारू नको, सकाळी हलका नाश्ता, बोट लागत असेल तर गोळी निघायच्या आधी.

पहिल्या दिवशी खाली डुबकी मारायची नाही, हे खास तुम्हाला, कारण विहिरीत सूर मारणाऱ्याला राहवत नाही. दोन-तीन मीटरवर कान दुखायला लागतात, आणि जास्त वेळ दम राहावा म्हणून आधी भराभरा श्वास घेऊन खाली जाणं तर जिवावर बेततं, पाण्यातच शुद्ध जाते आणि आधी काही जाणवत नाही. पाणी २७-२८ अंश असलं तरी पाऊण तासात हुडहुडी भरते, ओठ निळे दिसले की मुलीला बाहेर काढा, ती नको म्हणेल तरीही.

राहिला मालवणचा प्रश्न. मालवण सागरी अभयारण्य १९८७ चं, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास कोरल आहे, मासे आहेत, आणि आपल्याकडून गाडीनं रात्रीत जाता येतं. पाणी अंदमानएवढं स्वच्छ नसतं, काही दिवस हातभर पुढचं दिसत नाही, पण श्वास आणि मास्क शिकायला ती जागा चांगली आहे. सुट्टी आणि पैसा जमत असेल तर डिसेंबरात एक शनिवार-रविवार वहिनींना मालवणला पाण्यात उतरवून आणा आणि मग जानेवारीत अंदमान करा. दोन्ही जमणारं नसेल तर मालवण सोडा, पण स्विमिंग पूलचा सराव सोडू नका. लक्षद्वीपचं पाणी पहिल्यांदा शिकणाऱ्याला सगळ्यात शांत, पण त्याच्या परमिटला वेळ लागतो, ते पुढच्या वर्षीसाठी ठेवा. तुमच्या चष्म्याचा नंबर आणि जायची तारीख कळवा, त्या दिवसांतली भरती बघून कोणत्या दिवशी कोणतं बेट घ्यायचं ते सांगतो.